जेलरसाहेबांचं मागणं

घरात चांगलं चालू घड्याळ होतं. ते खुंटीला टांगून ठेवायचं आणि रस्त्यात भेटेल त्या माणसाला किती वाजले म्हणून विचारायचं, ही त्यांची रोजची रीत. तंबाखू खायचे, पण चुन्याची डबी कधी जवळ बाळगली नाही. पावसाळ्यात छत्री घरी, उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या घरी. सरकारी पेन्शन खाणारा, स्वतःचं घर असलेला, गढा नावाच्या वस्तीत लहानथोर ज्याला जेलरसाहेब म्हणत असा हा माणूस अख्ख्या जबलपुरात काही ना काही मागत हिंडायचा. कुणाकडे माचीस, कुणाकडे चुना, कुणाकडे घोटभर पाणी. पोरं त्यांना पाठीमागून 'मंगता जेलर' म्हणत. ते त्यांच्या कानावर होतं. तसं ओरडून पळणाऱ्या एका पोराला थांबवून त्यांनी त्याच्या हातातली चिंच मागितली होती, आणि त्यानं दिलीही होती.

मी त्यांच्या घरी ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो; त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणायचो. वऱ्हाडातून आलेला, मध्यप्रांताच्या शाळाखात्यात नवा कारकून. आता मी नागपुरास असतो आणि वय पन्नाशीला टेकलं आहे. त्यांच्याविषयी मी आजवर कुठे बोललो नाही. त्यांच्या गमती सांगायला लागलं की पुढे जे येतं ते टाळता येत नाही, म्हणून गमतीही सांगितल्या नाहीत. पण हल्ली संध्याकाळी रस्त्यात कोणी अनोळखी माणूस "साहेब, किती वाजले?" म्हणून विचारतो, आणि मी घड्याळाकडे न बघता त्याच्या तोंडाकडेच बघत राहतो. तेव्हा आता लिहून टाकतो.

त्यांची सगळी नोकरी तुरुंगात गेली. तुरुंगात सतरंज्या विणायचे माग होते. जन्मठेपेचे कैदी मागावर बसत, आणि हे दुपारी त्यांच्याजवळ स्टूल टाकून बसायचे. खून काहून केला, असं त्यांनी कुणाला कधी विचारलं नाही. "ते तर कोर्टानं विचारून घेतलं असते ना," ते म्हणायचे. ते विचारायचे, तेव्हा आजूबाजूला कोण होतं? एका कैद्यानं धागा ओढता ओढता सांगितलं होतं, "साहब, सब थे. मैं लाठी उठाके देख रहा था कि कोई तो पकड़े." हे वाक्य ते मला निदान शंभरदा सांगून चुकले असतील, आणि दर वेळी ते सांगताना त्यांचा हात आपोआप डोक्यावर जायचा आणि तिथेच थांबायचा.

त्या एका वाक्यावर त्यांनी आपलं सगळं तत्त्वज्ञान उभं केलं होतं. माणूस मारायला हात वर करतो आणि मग जरासा थांबतो. तो बघतो. तेवढ्या फटीत कोणी काहीतरी मागितलं पाहिजे. उपदेश नाही करायचा, हात नाही धरायचा, पोलिसाची धमकी नाही द्यायची. मागायचं. "मागितलं की माणूस देणारा होते रे," ते म्हणत. "देणाऱ्याचा हात खाली येतोच." आणि ऐन वेळी मागता यावं म्हणून रोज मागायची सवय पाहिजे. घरून सगळं घेऊन निघणाऱ्या माणसाला ते जमायचं नाही. म्हणून घड्याळ खुंटीला.

रविवारी सकाळी ओसरीवर बैठक असायची. नेपियर टाउनातून एक मराठी वकील सायकलीवर यायचे, गोरे, जाडे, पायजम्याला क्लिप लावलेले. एक पोस्टमास्तर यायचे. काकू पोहे करायच्या. विषय बहुधा ठरलेला असायचा, कारण त्या आठवड्यात कुठे ना कुठे डोकं फुटलेलं असायचंच.

पोस्टमास्तरांचं म्हणणं, दारूच्या कलाऱ्या बंद करा. महुआ बंद झाला की सुऱ्या म्यानात जातील.

"होळीले अख्खा गढा पिऊन राहते," काका म्हणायचे. "मग सगळेच काहून नाही मारत?"

वकील म्हणायचे, "जेलरसाहेब, धाक लागतो. फाशीची दोरी डोळ्यांसमोर असते म्हणून माणूस हात आवरतो."

"दोरी तुरुंगात असते, वकीलसाहेब. गल्लीत कुठे दिसते? त्या वेळेस त्याला समोरचा माणूस धड दिसून नाही राहत, दोरी कुठची दिसणार."

"ज्यांना दिसली ते तुमच्या तुरुंगात आलेच नाहीत ना. तुम्ही जन्मभर फक्त न आवरलेले पाहिले. आवरलेले आमच्यासारखे घरी पोहे खात बसलेत."

यावर काका बराच वेळ चुना चोळत बसायचे, वकिलांच्याच डबीतला. मग म्हणायचे, "हे मात्र पक्कं बोललात. याचा विचार करावा लागते." आणि आत वळून, "ऐकलं का, वकीलसाहेबांना अजून पोहे वाढा. आज ते जिंकून राहिले."

हे वकील रविवारी सगळ्यांना फाशी द्यायचे आणि सोमवारी कोर्टात त्याच लोकांना सोडवायला उभे राहायचे. काका त्यावरून चिडवायचे. वकील म्हणायचे, "रविवारी फी कोण देतो?" दरोडेखोर, विष घालणारे, सुपारी घेऊन मारणारे, यांच्यापुढे आपलं मागणं चालायचं नाही, हे काका कबूल करत. "ते तुमचे. त्यांना माझ्याकडे औषध नाही. मी गल्लीतल्या माणसाचं बोलून राहिलो. भाऊ, शेजारी, नवरा."

मला विचारलं की मी म्हणायचो, दोन्ही बाजूंत तथ्य आहे. दर रविवारी हेच. शेवटी वकिलांनी मला विचारणं सोडलं. काका मात्र विचारत राहिले.

त्यांचं हे तत्त्वज्ञान नुसतं ओसरीवरचं नव्हतं. सराफ्यात एकदा दोन भागीदार सोनारांची जुंपली. एकाच्या हातात भट्टीतून काढलेला तापलेला चिमटा. लोक गोल करून उभे. काका त्या गोलातून आत शिरले आणि चिमटेवाल्याला म्हणाले, "भैया, हमारी मराठी नथ बना दोगे?" त्यानं ऐकलं नाही. काकांनी पुन्हा विचारलं. कसली नथ, तो खेकसला. मग काकांनी खाली पडलेला कोळसा उचलून दुकानाच्या भिंतीवरच नथ काढायला घेतली. इथं मोती, इथं लाल खडा, इथून तार वळते. दुसरा सोनार लांबून म्हणाला, ऐसी तो नाक में टिकेगी ही नहीं. चिमटेवाला म्हणाला, तुझे क्या मालूम, टिकेगी. एवढ्यात चिमटा निवला होता. दोघे मिळून भिंतीवरच्या चित्राला नावं ठेवू लागले, आणि अखेर या बुढ्याचं डोकं फिरलेलं आहे यावर दोघांचं एकमत झालं. नथ झाली. काकूंनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "ही नाकाची आहे का बैलाची?"

दर वेळी असं निभावलं नाही. ग्वारीघाटच्या जत्रेत दोन भावांच्या मध्ये जाऊन ते बिडी मागत होते, तेव्हा लाठी त्यांच्याच खांद्यावर बसली. गळ्याजवळचं हाड मोडलं. तो खांदा पुढे कायम उतरलेला राहिला आणि कोट एका बाजूनं लोंबायचा. पण ते त्याला हार मानायला तयार नव्हते. "त्यानं भावाला मारायचं ते मला मारलं. मला मारण्यात त्याचा जीव नव्हता, म्हणून तर हाडावर निभावलं. भावाचं डोकं गेलं असतं."

"आणि तुमचं गेलं असतं म्हणजे?" काकू म्हणायच्या. "मी कोणाकडे मागायचं होतं?"

काका खुंटीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि बाहेर पडायचे.

संध्याकाळी मला ते बरोबर न्यायचे. मला शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. "जा, त्या पानवाल्याकडे चुना माग," म्हणायचे. मी जायचो, तिथे घुटमळायचो आणि पान विकत घेऊन यायचो.

"विकत आणलंस?"

"हो."

"काहून रे? फुकट मागता येत नाही तुला?"

येत नव्हतं. आमच्या घरी शेजाऱ्याकडून विरजण मागायलासुद्धा आई मला पाठवत नसे, धाकट्याला पाठवायची. त्यात माझं हिंदी वऱ्हाडी वळणाचं. एकदा गल्लीत टांगेवाल्यांना काही विचारलं तर ते हसले होते, आणि चार दिवस माझंच वाक्य माझ्यामागे म्हणत होते. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी तेव्हापासून त्या बाजूनं जायचंच टाळायचो. काका माझं पान खाऊन टाकायचे आणि म्हणायचे, "हळूहळू येईल. चलो."

हे टांगेवाले समोरच राहायचे. बल्देव आणि त्याचा धाकटा भाऊ किसन. आईबाप नव्हते, बल्देवनंच किसनला वाढवलेला. त्यांची एक पांढरी घोडी होती. बल्देव तिला स्वतःच्या ताटातली रोटी द्यायचा. ती घोडी पायानं अधू झाली होती आणि बल्देवनं तिला आठवडाभर टांग्याला जुंपलं नव्हतं. बल्देव गावाला गेलेला असताना किसननं तिला एका वरातीसाठी काढली. उतारावर ती पडली आणि मेली. बल्देव परतला तो दिवस मी विसरू शकत नाही.

दुपारची वेळ. कचेरीला सुटी. काकू कुणाकडे बारशाला गेल्या होत्या. काका हिवतापानं फणफणलेले, दोन रजयांखाली. मी उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो. समोर आरडाओरडा सुरू झाला तसे त्यांनी डोळे उघडले. ऐकत राहिले. मी उठून खिडकी लावायला गेलो, तर म्हणाले, "राहू दे. ओरडून राहिले तोवर काळजी नाही."

थोड्या वेळानं ओरडणं एकदम थांबलं. काका कोपरावर उठायला लागले. त्यांना उठता येईना.

"आता जा," ते म्हणाले.

"मी?"

"जा, लवकर जा. काही पण माग. पाणी माग. माझं नाव सांग, जेलर मरून राहिला, टांगा जोड म्हणावं. जा बाबू."

मी गेलो. अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडला. तबेल्यासमोर दहाबारा माणसं उभी होती. किसन जमिनीवर बसलेला, उठायच्या बेतात, हात पुढे केलेला. बल्देवच्या हातात लोखंडी पहार, डोक्यावर उचललेली. आणि तो थांबला होता.

काकांनी सांगितलं होतं अगदी तसंच. तो थांबला होता आणि बघत होता. आधी त्यानं लोकांकडे पाहिलं. मग पुढच्या कुणीतरी मला बघून "बाबूजी आए, जगह दो" म्हणून बाजूला सरकून वाट केली, आणि त्या वाटेतून बल्देवनं सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा रागाचा नव्हता. जत्रेत हरवलेल्या माणसाचा असतो तसा होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. भैया, टांगा जोड़ दो, जेलरसाहब बीमार हैं. एवढंच. ते खोटंही नव्हतं.

मला भीती वाटली असं लिहिलं तर वाचणारा समजून घेईल. म्हणून तसं लिहीत नाही. मला लाज वाटली. सगळे माझ्याकडे बघत होते. घोडी मेलेली, टांगा कशाला जोडायला सांगतो, असं म्हणून हे हसतील, हे माझ्या मनात आलं. खरोखर हेच आलं. मी एक पाऊल मागे घेतलं आणि लोकांनी केलेली वाट बुजली.

मग आवाज आला. तो आवाज मी वर्णन करणार नाही.

परत आलो तेव्हा काका तसेच कोपरावर होते. त्यांना कळलं होतं. बाहेर बायकांचं रडणं सुरू झालं होतं.

"गेलास?"

"हो."

"मागितलंस?"

माझा चेहरा त्यांच्याकडे होता. मी म्हणालो, "हो. मागितलं."

"काय मागितलं?"

"पाणी."

"त्यानं पाहिलं तुझ्याकडे?"

"पाहिलं."

"आणि मग?"

"मग मारलं."

ते हळूहळू खाली सरकले, उशीवर. छताकडे बघत म्हणाले, "पाणी मागितल्यावर पण?"

मी हो म्हणालो.

ताप उतरल्यावर त्यांनी मला पुन्हा विचारलं. या वेळी तपास करणाऱ्या माणसासारखं, पण मऊ आवाजात. त्यांना माझी चूक काढायची नव्हती, पद्धतीत कुठे काही राहून गेलं का ते बघायचं होतं. मोठ्यानं मागितलंस ना? हो. त्याच्या तोंडाकडे बघून? हो. एकदाच, का पुन्हा पण? पुन्हा पण. हिंदीत ना? हिंदीत. मी नुसतं एवढं म्हणालो असतो की माझा आवाज बारीक होता, त्याला ऐकू गेलं नसेल, तरी माझं खोटंही झाकलं असतं आणि त्यांचं खरंही वाचलं असतं. पण एकदा खोटं बोलल्यावर मला ते चांगलं बोलायचं होतं. मी एकेक दार लावत गेलो. शेवटी ते म्हणाले, "मग तू तर सगळं बरोबर केलंस." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्यांचं म्हणणं खरं होतं हे या जगात डोळ्यांनी पाहिलेला माणूस मी होतो. आणि तेच त्यांना मी खोटं ठरवून दिलं.

पोलीस आले तेव्हा सगळी गल्ली म्हणाली, आम्ही नंतर आलो. मीही म्हणालो.

बल्देवचा खटला आपल्या वकिलांनीच घेतला. एका रविवारी ते म्हणाले, "जेलरसाहेब, तो तुमचं नाव काढतो. चला एकदा कोठडीत, भेटून या. तुमचा तो प्रश्न विचारा त्याला, आजूबाजूला कोण होतं."

मी ओसरीच्या टोकाला बसलो होतो. हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली. काका गेले असते तर एका वाक्यात सगळं उघडं पडलं असतं. बल्देवनं सांगितलं असतं, साहब, बाबूजी आए थे, कुछ बोले नहीं.

काका म्हणाले, "काय विचारू? विचारायचं ते विचारून झालं."

मला हायसं वाटलं. या सगळ्यात माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट जर कोणती असेल तर ती ही. तबेल्यासमोरची नाही. ती एका क्षणात झाली. हे हायसं वाटणं पुढे कित्येक महिने चालू होतं.

बल्देवची फाशी टळली, जन्मठेप झाली. त्या दिवशी वकील मुद्दाम म्हणाले, "फाशीच व्हायला हवी होती खरं म्हणजे. धाक कसा राहणार?" ते काकांना उठवायला बघत होते, मला दिसत होतं. पोस्टमास्तरांनीसुद्धा कलारीचा विषय काढला नाही, वाट बघत राहिले.

काका म्हणाले, "तुम्ही म्हणता तसंच असेल."

"असं काय करता, जेलरसाहेब. काहीतरी बोला की. मी काय भिंतीशी भांडू?"

"नाही, तुमचं बरोबर आहे. दोरी दिसली पाहिजे."

वकील उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. इतकी वर्षं जो वाद जिंकायला ते सायकल मारत यायचे तो असा हातात आलेला त्यांना नको होता. त्यानंतर ते दोनचार रविवार आले. मग पायाचं दुखणं सांगू लागले.

काका घड्याळ घालू लागले. खिशात चुन्याची डबी, माचीस, पावसाळ्यात छत्री. बाजारातून सरळ घरी. लोक म्हणाले, जेलरसाहेबांना आता पोच आली. पोरांना त्यांना काय म्हणून चिडवावं ते कळेना. एका संध्याकाळी कोपऱ्यावर दोन भाजीवाल्यांचं भांडण पेटलं आणि मध्येच गप्प झालं. काका ओसरीवर होते. ते उठले. मी बघत होतो, मनातल्या मनात म्हणत होतो, जा, जा. ते दारापर्यंत गेले. दार लोटून कडी लावली आणि परत येऊन बसले. तिथे काही झालं नाही, भाजीवाले आपापल्या घरी गेले. पण कडी लागल्याचा तो आवाज मी ऐकला आहे.

तरी मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं झालं, आणि मग नागपूरच्या कचेरीत बदली झाली. स्टेशनावर मला पोचवायला ते आले. गाडीला वेळ होता. उतरलेल्या खांद्यावरचा कोट सावरत ते म्हणाले, "तुझी माफी मागायची राहिली होती बाबू."

"कसली, काका?"

"त्या दिवशी मी तुला पाठवलं. जे खरं नाही त्याच्यावर विसंबून पाठवलं. तुझ्यासमोर माणूस मेला. तुझ्या आईनं कधी असं पाठवलं नसतं तुला."

मी डब्यात चढलो. माफी मागायची त्यांनी, आणि ती मी ठेवून घेतली. गाडी हलली तेव्हा ते हात हलवत नव्हते, मनगटावरच्या घड्याळात बघत होते.

नागपुरात मला बढत्या मिळाल्या. लग्न, मुलं, घर. जबलपूरची माणसं भेटली की मी पेरूंची चौकशी करायचो, नर्मदेच्या पाण्याची करायचो, त्यांची नाही. रविवारी सकाळी घरात पोहे झाले की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडायचो. ते गेल्याचं मला उशिरा कळलं. उशिरा कळलं म्हणून गेलो नाही, असं मी बायकोला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात कचेरीच्या कामानं जबलपूरला जावं लागलं. काम दुपारपर्यंत संपलं. टांगेवाल्याला स्टेशन म्हणायचं ते गढा म्हणालो.

अंगणात एक पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजत होता. धनुकलीचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. काकू पायरीवर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. पुतण्या आणि त्याची बायको आता त्यांच्याजवळ राहत. त्यांनी मला ओळखलं, नावानं हाक मारली, मुलं किती म्हणून विचारलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. किसन, बल्देव, लोकांनी केलेली वाट, माझं पाऊल मागे आलं ते, आणि काकांना जे सांगितलं ते. मध्ये मध्ये धनुकलीचा आवाज यायचा तेव्हा थांबायचो आणि पुन्हा तिथूनच सांगायचो.

काकू ऐकून घेत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तू मागितलंच नाहीस."

"नाही."

"आणि यांना वाटलं, मागून पण त्यानं मारलं."

"हो."

त्या कापसाकडे बघत होत्या. "मी शनिवार धरला होता," त्या म्हणाल्या. "त्यांचं हाड मोडलं तेव्हा धरला. मारुतीला म्हटलं, यांना घरी बसव, बाकी काही नको. आणि बसले ना बेटा. मला वाटलं, देवानं ऐकलं." पदर सारखा करून म्हणाल्या, "मग ते असे होऊन गेले. खिडकीशी बसून राहायचे. मी म्हणायची, बाहेर जा जरा, कोणाशी बोला. तर म्हणायचे, काय बोलू. तेव्हा मी मारुतीला म्हटलं, परत घे बाप्पा, जाऊ दे यांना, हाडं मोडली तरी चालते. ते काही त्यानं ऐकलं नाही. मग मी उपास चालूच ठेवला. मीच मागून घेतलं होतं, सोडू कोणत्या तोंडानं? ते गेले तरी चालूच आहे."

धनुकली पुन्हा वाजू लागली.

"म्हणजे ते माझ्यामुळे नव्हतं झालं," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. माझ्यामुळे झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला शिव्याशाप द्यावे असं मला वाटत होतं, मी त्यासाठीच आलो होतो की काय कोण जाणे. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि आत गेल्या. भांड्यांवरची झाकणं वाजली. आतून पुतण्याच्या बायकोनं काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं, त्यात सकाळची पोळी आणि वांग्याची भाजी. पायरीवर बसल्या आणि जेवायला लागल्या.

पिंजाऱ्याची धनुकली थांबली. तो वर्षानुवर्षं या घरी येत असावा. "अम्मा," तो म्हणाला, "आज तो शनिच्चर है."

"मालूम है भैया," काकू म्हणाल्या आणि दुसरा घास मोडला.

त्या सावकाश जेवत होत्या, लहान लहान घास घेत. त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही, दोन घास खातोस का म्हणून विचारलं नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत मी अंगणात उभा राहिलो.